आधी फडकं, मग तेल

कपाळावर कोरडं कुंकू टेकवलं तर घटकाभरात झडतं. म्हणून जुन्या फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची लहानशी डबी असायची. आधी बोटाने मेणाचा गोल ठिपका, मग त्यावर कुंकू. मेण चिकट, कुंकू बारीक. दोघांची गाठ पडली की दिवसभर हलायचं नाही. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या केमला हे समजावून सांगायची गरज नाही. उत्तरेश्वराच्या या गावाची ओळखच कुंकवाची आहे. बारीक भुकटी कशाला धरते आणि कशावरून झडून जाते, हे कुंकवाचं काम करणाऱ्या हातांना पुस्तकाशिवाय कळतं. पण सायकलच्या चेनची गोष्ट निघाली की हेच शहाणपण आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो. चाक उलटं फिरवत चेनवर वरून तेलाची धार सोडतो, ओघळ पुसत नाही, आणि तसाच मुरमाच्या रस्त्याला लागतो. माझं म्हणणं असं, की चेनला तेल हवं असतं ते तिच्या सांध्यांच्या आत. बाहेर राहिलेलं तेल कपाळावरच्या मेणाचं काम करतं, फक्त त्यावर कुंकू बसत नाही, रस्ता बसतो. केमसारख्या धुळीच्या आणि थोड्या पावसाच्या मुलखात चेनचं आयुष्य तेलाच्या बाटलीपेक्षा सुती फडक्यावर जास्त अवलंबून आहे.

या म्हणण्याला दोन बाजूंनी विरोध होऊ शकतो, आणि दोन्ही विरोध वजनदार आहेत. एक बाजू सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची, दुसरी हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सरांची. इथे बोलणारे दोघे कल्पित आहेत. त्यांच्या तोंडची मतं मात्र कुठल्याही बाजारपेठेच्या गावात ऐकायला मिळतात. दोघांनाही चेनची काळजी आहे, आणि दोघांचंही अर्धं खरं आहे. म्हणून त्यांना पुरतं बोलू देणं भाग आहे.

मिस्त्री : सर, चेनचं दुखणं एकच. ती कोरडी पडती. कोरडी पडली की किरकिरती, गंजती, चक्राचे दाते खाती आणि भर रस्त्यात उतरती. पोरं दोन-दोन महिने तेलाचं नाव घेत न्हाईत आणि मग सायकल ढकलत दुकानात येतात. मी पायंडल उलटं फिरवतो आणि चेनवर धार सोडतो, चांगली न्हाऊन निघंपर्यंत. तुम्ही म्हणता चेन काळी दिसती. दिसू द्या की. काळी चेन म्हणजे तेल प्यालेली चेन. मला भ्या वाटतं ते चकचकीत चेन बघून, कारण ती कुणीतरी रॉकेलनं धुतलेली असती. कारखान्यातनं नवी चेन येती तवा तिच्यात पातळ केलेलं ग्रीस मुरवलेलं असतं. ते एकदा धुवून गेलं की तसं परत घालता येत न्हाई. म्हणून आपला कायदा सोपा हाय. चेन खोलायची न्हाई, धुवायची न्हाई, तेल मात्र कमी पडू द्यायचं न्हाई.

सर : मिस्त्री, तुमच्या हाताचा अनुभव मी नाकारत नाही. पण तेलाला तुम्ही देता त्यातलं बरंचसं श्रेय त्याचं नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर नावाच्या अभियंत्यांनी सहकाऱ्यांसह सायकलची चेन चाचणीच्या चौकटीवर चढवली, पुढच्या चक्राला दिलेली शक्ती आणि मागच्या दात्यांपर्यंत पोहोचलेली शक्ती मोजली, आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने कुठे किती घर्षण होतं ते पाहिलं. निष्कर्ष १९९९ साली जाहीर झाले. सर्वांत चांगल्या स्थितीत ९८.६ टक्के शक्ती मागे पोहोचली, सर्वांत वाईट स्थितीत ८१ टक्के. हा फरक पडला तो दातेरी चक्रांच्या लहानमोठ्या आकारामुळे आणि चेनच्या ताणामुळे. तीन वेगवेगळी वंगणं वापरून पाहिली, वंगण काढून टाकूनही पाहिलं. शक्तीच्या हिशेबात सांगण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणजे शक्ती वाचवायला तेल लागतं ही आपली समजूतच तपासायला हवी. मी मुलांना सांगतो, तेलाची चिंता सोडा, घाण काढा. महिन्यातून एकदा चेन उतरवा, रॉकेलमध्ये बुडवा, ब्रशने घासा, वाळवा, आणि मग नावापुरतं तेल लावा.

मिस्त्री : त्या प्रयोगशाळेत मुरूम होता का, सर?

हा प्रश्न सरांच्या सगळ्या पुराव्यापेक्षा मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर ‘नव्हता’ असं आहे. स्पायसर यांच्या चाचणीत चेन स्वच्छ होती, खोली स्वच्छ होती आणि मोजली जात होती ती शक्तीची हानी. शक्तीची हानी आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाकूची धार सहाणेवर लावताना हाताला फारसं जड जात नाही, तरी पातं झिजतच असतं. एखादी चेन ९७ टक्के शक्ती मागे पोहोचवत असतानाच आतून संपत चाललेली असू शकते. त्यामुळे ‘तेल असो वा नसो, सारखंच’ हा अर्थ त्या प्रयोगातून काढणं चूक आहे. स्पायसर यांनी स्वतः जो अंदाज बांधला तो तर मिस्त्रींच्या बाजूला झुकणारा आहे. वंगणाचं काम बहुधा जागा अडवण्याचं असावं, म्हणजे सांध्यातली फट भरून ठेवायची आणि धुळीला आत शिरू द्यायचं नाही, असं त्यांना वाटलं. तेल पहारेकरी आहे. प्रश्न इतकाच, की पहारेकरी दाराच्या आत उभा करायचा की धुळीच्या लोंढ्यात बाहेर.

यासाठी चेन मुळात कशी बनते ते पाहावं लागतं. आज आपण वापरतो त्या चेनचं पेटंट हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने मँचेस्टरमध्ये १८८० साली घेतलं, आणि सायकल आजच्या रूपाला आली त्यात या चेनचा मोठा हात आहे. तिच्या एका सांध्यात पोटात पिन असते, पिनवर बुश म्हणजे बारीक नळी, नळीवर मोकळा फिरणारा रोलर, आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या. आपल्याला दिसतात त्या पट्ट्या आणि रोलर. त्यांना कितीही चमकवलं तरी चेनच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही, कारण खरी घासाघीस पिन आणि बुशच्या मधे होते, जिथे डोळा पोहोचत नाही. तिथे जायची वाट एकच आहे, ती म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पट्टीमधली केसाएवढी फट. तेल याच वाटेने आत जातं आणि धूळही याच वाटेने.

आता त्या फटीत किती काम चालतं त्याचा हिशेब करू. साध्या उभ्या सायकलला पुढे ४४ दाते, मागे फ्रीव्हीलला १८ दाते आणि २८ इंची चाक धरलं, तर पायंडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. वस्तीपासून शाळा पाच किलोमीटर असेल तर जाताना नऊशेच्या वर फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात ४४ सांधे पुढे सरकतात. चेनमध्ये ११० सांधे धरले तर सबंध चेन सुमारे ३७० वेळा फिरून येते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो, कारण पुढच्या चक्रावर चढताना आणि उतरताना, मग फ्रीव्हीलवर चढताना आणि उतरताना त्याला वळावंच लागतं. जाऊन-येऊन एका सांध्याची तीन हजार वळणं झाली, आणि शाळेचे दोनशे दिवस धरले तर सहा लाख. ही वळणं मोकळी नसतात. पायंडलवर ३० किलोचा भार पडला की क्रँक आणि चक्राच्या मापांमुळे चेनवर त्याच्या जवळपास दुप्पट ताण येतो. त्या ताणाखाली, साडेतीन मिलिमीटर जाडीच्या पिनेवर, सहा लाख वळणं. मधे तेल असेल तर लोखंड लोखंडावर सरकतं. मधे मुरमाची पूड असेल तर तीच वळणं कानशीचं काम करतात.

या मुलखातली पूड कशाची असते हेही पाहिलं पाहिजे, कारण धूळ म्हणजे धूळ असं नसतं. सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. काळी माती त्याच खडकाची, आणि आडवाटांवर पसरला जाणारा मुरूम म्हणजे तोच खडक अर्धवट कुजलेला. काळ्या मातीतली चिकणमाती मऊ असते. ती चिकटून वात आणते, पण पोलादाला ओरखडा पाडत नाही. मुरमाचं तसं नाही. बेसाल्टमधले फेल्डस्पारचे कण साध्या लोखंडाला कापतात, आणि खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटी तर सुरीच्या पात्यावरही रेघ मारते. जड वाहन गेलं की हे कण हवेत उडतात आणि सायकलच्या उंचीवर, म्हणजे नेमके चेनच्या आसपास, तरंगत राहतात. कोकणात चेनचा शत्रू पाणी आहे. तिथे महिनोन् महिने पाऊस चेन धुऊन काढतो, गंज चढतो, आणि तिथल्या मिस्त्रीने तेल जास्त घातलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर उरलेलं वर्ष चेन कोरड्या हवेत आणि धुळीत फिरते. कोकणाला शोभणारं औषध इथे लागू पडत नाही.

मिस्त्री : बरं, धूळ हाय, मान्य. पण मी भरपूर तेल सोडलं तर धूळ वाहून जाती की. नळाखाली हात धरल्यावर माती जाती तसं.

सर : वाहून कुठे जाते मिस्त्री? नळाखालचं पाणी खाली पडतं आणि माती घेऊन जातं. चेनवरचं तेल तिथंच राहतं. पट्टीवर तेलाचा थर, थरात धूळ, धुळीवर पुन्हा तेल. दोन महिन्यांनी ती जी काळी पेस्ट होते ती खरं तर पॉलिशची पेस्ट आहे, कारखान्यात धातू घासायला वापरतात तसली. आणि प्रत्येक वेळी तुम्ही वरून नवं तेल सोडता तेव्हा त्यातला थोडा भाग फटीतून आत उतरतो, एकटा नाही, त्या पेस्टला सोबत घेऊन.

इथे सरांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, आणि मिस्त्रींच्या कायद्यातली खोट नेमकी हीच आहे. काळी चेन तेल प्यालेली असते हे खरं, पण काळा रंग तेलाचा नाही. नवं तेल सोनेरी किंवा रंगहीन असतं. ते काळं होतं ते धुळीने आणि झिजलेल्या लोखंडाच्या भुकटीने. म्हणजे काळेपणा ही चेनची तब्येत नाही, तिच्या अंगातून निघालेला माल आहे. आपल्या बोलीने या चुकीवर शिक्कामोर्तबही केलं आहे. सायकल सगळी खोलून, तपासून, पुन्हा बसवण्याच्या कामाचं मूळ नाव ओव्हरहॉलिंग. आपल्या तोंडी ते ‘ओव्हरऑइलिंग’ झालं, आणि शब्दाबरोबर कामही बदललं. खोलणं, तपासणं, पुसणं मागे पडलं आणि तेल सोडणं उरलं. शब्द बदलल्याचं दुःख नाही. भाषा असे शब्द रोज घडवते. पण पाटीवर ‘ओव्हरऑइलिंग’ वाचून सायकल देणाऱ्याला आपल्याला हवं तेच मिळेल अशी खात्री वाटते, हे मात्र नुकसानीचं आहे.

मग सर जिंकले का? तसंही नाही. त्यांचा दर महिन्याचा रॉकेल-स्नानाचा आग्रह मिस्त्रींच्या धारेइतकाच चेनला महागात पडू शकतो.

मिस्त्री : तेच तर सांगतो! रॉकेल तेलाला कापतं. आत मुरलेलं ग्रीस भाईर येतं, आणि तुम्ही लावता ते तेल आतपर्यंत जातच न्हाई. वरनं चेन देखणी, आतनं उपाशी. आठ दिवसांत कुईं-कुईं सुरू.

सर : पण घाण आत गेलीच असेल तर ती काढायची कशी? पुसून आतली घाण निघत नाही.

दोघांच्या बोलण्यात इथे खरा गुंता आहे, आणि तो सोडवायचा तर चेनची अवस्था विचारात घ्यावी लागते. नव्या किंवा बऱ्या स्थितीतल्या चेनला धुणं म्हणजे तिची शिदोरी फेकून देणं. कारखान्यात भरलेलं ग्रीस पिन-बुशच्या मधे जितकं बेमालूम बसलेलं असतं तितकं घरी बसवता येत नाही. शिवाय एकाच डबड्यातल्या रॉकेलमध्ये चेन बुडवून घासली तर बाहेरची बारीक पूड पातळ होऊन आत शिरायला मदतच होते, आणि सांध्यात अडकून राहिलेलं रॉकेल नंतर घातलेल्या तेलालाही पातळ करतं. म्हणून धुणं हा नेम नसावा, उपचार असावा. पावसात किंवा ओढ्याच्या चिखलात चेन बुडाली, महिनोन् महिने तेल-धुळीचा थर साचला, किंवा सांधे आखडून चेन चक्रावर अडखळायला लागली, तरच ती उतरवावी. तेव्हाही एक धुणं पुरत नाही. रुंद तोंडाच्या बाटलीत चेन आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घालून हलवायचं, गढूळ झालेलं ओतून दुसरं घ्यायचं, आणि तळाशी गाळ बसेनासा होईपर्यंत हे करायचं. वापरलेलं रॉकेल एका डब्यात निवळत ठेवलं तर गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. ते ओढ्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. मग चेन पुरती वाळवायची. यात केमचं ऊन आपल्या बाजूचं आहे. उन्हात तापलेल्या चेनवर तेल सोडलं तर ते पातळ होऊन फटीतून झपाट्याने आत उतरतं. मिस्त्री ज्याला ‘परत घालता येत न्हाई’ म्हणतात त्यातलं बरंचसं ऊन परत घालून देतं. पेट्रोलने धुणं मात्र कुणीही करू नये. एक ठिणगी पुरते. आणि मोटारसायकल धुवायच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरणं तितकंच वाईट, कारण तो फवारा घाण काढतो त्याहून जास्त आत ढकलतो, चेनमध्ये आणि चाकांच्या छऱ्यांतही.

चेन उतरवली तर तिची टोकं जोडणारं लॉक बसवताना एक गोष्ट पाहावी. लॉकच्या पट्टीचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते तिकडे हवं, उघडं तोंड मागे. उलटं बसवलं तर एखाद्या काडीला अडकून ते निघून येऊ शकतं. मिस्त्रींना हे सांगावं लागत नाही. घरी करणाऱ्याला लागतं.

रोजच्या नेमासाठी मात्र धुण्याची गरजच नाही. आठवड्यातून एकदा सुती फडकं चेनच्या खालच्या पदरावर मुठीत धरायचं आणि पायंडल उलटं फिरवायचं. फडकं काळं होईल. दुसरी घडी घ्यायची. पाच मिनिटांत थर निघतो, आतल्या तेलाला हात लागत नाही. महिन्यातून एकदा, तेल पातळ असेल तर पंधरवड्याने, पुसल्यानंतरच, प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब. धार नाही. थेंब पडायला हवा तो रोलरवर आणि दोन पट्ट्यांच्या फटीवर, चेनच्या आतल्या अंगाने. मग पायंडल वीस-तीस वेळा फिरवायचं आणि सायकल रात्रभर उभी ठेवायची. सकाळी निघण्याआधी पुन्हा फडकं, आणि या वेळी अगदी कंजूसपणे, बोट लावलं तर बोटाला जेमतेम ओल लागेल इतकं कोरडं. बहुतेक जण चुकतात ते इथे. तेल घालणं हे काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं, आणि शेवटचं पुसणं राहून जातं. म्हणजे मेण लावून कपाळ कुंकवासमोर धरणं झालं.

सर : तेल कोणतं हे सांगितलं नाहीत.

मिस्त्री : जळकं ऑइल. फुकट मिळतं, गॅरेजवाले डबा भरून देतात.

जळक्या ऑइलला माझा ठाम विरोध आहे. इंजिनातून काढलेल्या तेलात काजळी असते, आम्ल असतं आणि इंजिनाच्या झिजेचं लोखंडही असतं. चेनला ज्यापासून वाचवायचं तेच आपण हाताने आत घालतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे ते तेल वारंवार कातडीला लागणं आरोग्याला घातक आहे, आणि शाळेच्या सायकलची चेन ही मुलांच्या पायांना, पायजम्याला, ओढणीला आणि चेन उतरली की थेट बोटांना लागते. फुकट आहे म्हणून ते मुलांच्या हाताला लावू नये. खाद्यतेलाचा मोहही टाळावा. सोलापूर हा करडईचा मुलूख, घरात करडईचं तेल असतं. पण त्या तेलाचा गुण असा की हवेत पातळ थराने राहिलं की ते हळूहळू घट्ट होत चिकट पापुद्रा धरतं. चुलीजवळच्या फळीवर बसणारा पिवळा चिकटा ज्याने घासला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. खोबरेल तेल तसं वाळत नाही, पण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि माघातल्या पहाटे शाळेला निघणाऱ्या सायकलीला ते उपयोगाचं नाही. उरतं ते साधं खनिज तेल. शिलाई मशीनचं तेल पातळ, लगेच आत जातं, बाटलीला बारीक तोंडही असतं. मात्र लवकर संपतं, म्हणून पंधरवड्याने पुन्हा द्यावं लागतं. नवं इंजिन ऑइल जाड, जास्त टिकतं, पण पुसायला जास्त मेहनत मागतं. धुळीच्या दिवसांत पहिलं, पावसाळ्यात दुसरं, असा माझा कौल आहे. ग्रीस छऱ्यांना चांगलं, चेनवर बाहेरून थापलेलं ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण. फवाऱ्याच्या डबीतलं डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी १९५३ साली बनलं. गंजलेला नट सोडवायला ते उत्तम, पण चेनचं पोट त्याने भरत नाही.

सर : मग मेणाचं काय? शर्यतीच्या सायकलवाले वितळलेल्या पॅराफिन मेणात चेन बुडवतात. कोलोरॅडोत जेसन स्मिथ यांनी कितीतरी वंगणांची तुलना केली, त्यात मेण अगदी वरच्या क्रमांकात होतं. आणि वंगणावंगणांत काही वॅटचा फरक निघाला, म्हणजे स्पायसर यांचा निष्कर्षही शेवटचा शब्द नव्हता.

हा आक्षेप माझ्या उपमेलाच धक्का देतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. कपाळावरचं मेण मऊ, अंगाच्या उबेने चिकट होणारं. मेणबत्तीचं पॅराफिन थंड झालं की कोरडं आणि टणक होतं. त्याला बोट लावलं तर बोटाला काही लागत नाही, आणि धुळीलाही. नाव एक, स्वभाव उलटे. धुळीच्या प्रदेशाला कोरडं मेण तत्त्वतः अतिशय योग्य आहे हे मी मान्य करतो. पण त्यासाठी चेन आधी तेलाचा अंशही न उरेल इतकी धुवावी लागते, मेण बेताने वितळवावं लागतं, आणि काही शे किलोमीटरांनी सगळं पुन्हा करावं लागतं. एका पावसाने ते निघूनही जातं आणि चेन उघडी पडते. वाचणारे काही वॅट शर्यतीत मोलाचे असतात. दप्तर घेऊन शाळेला जाणाऱ्या मुलीला ते जाणवणार नाहीत. तिला हवी आहे ती न उतरणारी चेन.

आणि आता सगळ्यांत व्यवहारी आक्षेप, जो मिस्त्री बोलून दाखवतील आणि गिऱ्हाईक मनात ठेवील. चेन काही सोन्याची नाही. झिजली की बदलायची. दर आठवड्याला पुसत कोण बसतं? उत्तर असं की झिजलेली चेन एकटी जात नाही. सांध्यांत झीज झाली की दोन सांध्यांतलं अर्ध्या इंचाचं अंतर वाढतं आणि चेन दात्यांच्या घळीत नीट बसेनाशी होते. ती दात्यांच्या माथ्याकडे सरकते आणि त्यांना आकड्यासारखं वाकडं झिजवते. मग नवी चेन त्या वाकड्या दात्यांवर बसत नाही, चढताना घसरते, आणि फ्रीव्हील आणि पुढचं चक्रही बदलावं लागतं. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. ११० सांध्यांच्या प्रत्येक पिनेशी जेमतेम सव्वा दशांश मिलिमीटर झीज झाली तरी सबंध चेन १४ मिलिमीटरने लांब होते. मागचं चाक ओढून ती घट्ट करता येते, आणि तिथेच फसगत आहे. झोल जातो, झीज तशीच राहते.

ही झीज ओळखायला यंत्र लागत नाही, दप्तरातली बारा इंची पट्टी पुरते. चेन ताणून धरून एका पिनेच्या मधोमध शून्य ठेवायचं आणि चोविसावा सांधा मोजायचा. नव्या चेनची ती पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर झीज एक टक्क्याच्या घरात पोहोचली. साध्या एक-गिअरच्या सायकललाही त्यापुढे ती चेन ठेवू नये. त्याआधी बदलली तर दाते वाचतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. सायकल मिळाल्याने शाळा सुटत नाही हे त्या योजनेमागचं गृहीत आहे, आणि मला ते पटतं. पण ते गृहीत टिकतं सायकल चालू असेतो. बारा इंची पट्टी आणि फडकं या दोन गोष्टी सायकलबरोबर शिकवल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या शिकवायला सरांच्या तासाइतकी चांगली जागा नाही. मापन, घर्षण, सरासरी, सगळं त्या एका चेनवर शिकवता येतं.

खरा उपाय मात्र पुसण्याच्याही आधीचा आहे, तो म्हणजे धूळ चेनपर्यंत पोहोचूच न देणं. पुणे–सोलापूर लोहमार्ग केमवरूनच जातो. जुन्या डब्यांच्या आसाचं टोक झाकण असलेल्या लोखंडी पेटीत असायचं आणि पेटीत तेलात भिजलेले धाग्यांचे बोळे. धूळ रुळांवर कमी नसते. पण पेटीमुळे ती आसापर्यंत पोहोचत नसे. सायकलच्या चेनलाही अशी पेटी मिळाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या सनबीम सायकली चेनभोवतीच्या बंद तेलपेटीसाठी नावाजलेल्या होत्या. आपल्याकडच्या बायकांच्या सायकलींना मिळणारं पुरं चेनकव्हर त्याच कुळातलं. साडी अडकू नये म्हणून ते आहे असं आपण समजतो, पण चेनवर त्याचे उपकार जास्त आहेत.

सर : मग मिस्त्री, तुमच्या दुकानामागे कव्हरांचा तो ढीग कशाचा?

मिस्त्री : गिऱ्हाईकच काढायला लावतं, सर. खडखडतं म्हणत्यात. आणि चेन उतरली की कव्हर सोडून मग चढवावी लागती, पोरांना दम नसतो.

सर : खडखडतं ते बोल्ट ढिले झाल्यामुळे. आणि चेन उतरते ती झिजल्यामुळे, नाहीतर सैल राहिल्यामुळे.

मिस्त्री : ते बी खरंच. (थोडं थांबून) पत्रा चेपलाय त्यातल्या बऱ्याच कव्हरांचा. पण ठोकून सरळ होतील काही. तुमच्या पोरींच्या सायकली घेऊन या शनिवारी, शाळा सुटल्यावर. पट्टी मात्र तुम्ही आणा. माझ्याकडं टेप हाय, तिचं पहिलं इंच कधीच तुटलंय.